बंद लॅपटॉपची बॅटरी कोण खातं? डेबियनवरच्या एका लॅपटॉपचा तपास

शनिवारी दुपारी शाळा सुटताना बॅटरी ८१ टक्के. लॅपटॉप रीतसर शटडाउन करून स्टीलच्या कपाटात ठेवलेला. सोमवारी पहिल्या तासाला सुरू केला तर ३९ टक्के. मधल्या काळात कपाटाची किल्ली बाईंच्या पर्समध्ये होती.

तक्रार कणकवली तालुक्यातल्या एका हायस्कूलमधून आली. मला दहावीला गणित शिकवलेल्या बाईंचाच हा लॅपटॉप, आणि त्यावरचं विंडोज काढून डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) मीच टाकून दिलं होतं. त्यामुळे फोनवरचं पहिलं वाक्य काय असणार हे ठरलेलंच होतं. "तू ते लिनक्स टाकलंस ना, तेव्हापासून हे सुरू झालंय बघ." तोवर बाजारपेठेतल्या एका दुरुस्तीवाल्यानं दुसरं निदान देऊन ठेवलं होतं : बॅटरी गेली, नवी घाला.

दुरुस्तीवाल्याचं म्हणणं पाच मिनिटांत निकालात निघालं. बाईंचं मात्र पुष्कळसं खरं निघालं, आणि ते का खरं होतं हे शोधण्यातच बहुतेक वेळ गेला.

टक्के बाजूला ठेवा, वॉट काढा

"रात्रीत वीस टक्के गेली", "दोन दिवसांत निम्मी झाली" अशा वर्णनांवरून कारण कळत नाही. वीस टक्के कशाचे आणि किती तासांत, हे कळल्याशिवाय आकड्याला अर्थ नसतो. लिनक्समध्ये हा हिशोब उघड्यावर ठेवलेला असतो. सिस फाइलसिस्टिममध्ये क्लास, त्याखाली पॉवर-सप्लाय आणि त्याखाली बहुधा बॅट-० किंवा बॅट-१ नावाची डिरेक्टरी असते. तिथली 'एनर्जी-नाउ' म्हणजे आत्ता शिल्लक असलेली ऊर्जा, 'एनर्जी-फुल' म्हणजे सध्याची पूर्ण क्षमता आणि 'एनर्जी-फुल-डिझाइन' म्हणजे नवी असतानाची क्षमता. आकडे मायक्रोवॉट-अवरमध्ये असतात, दहा लाखांनी भागले की वॉट-अवर मिळतात. काही लॅपटॉप 'एनर्जी'ऐवजी 'चार्ज' दाखवतात. तिथे एकक मायक्रोअँपिअर-अवर असतं आणि व्होल्टेजनं गुणावं लागतं.

बाईंच्या लॅपटॉपची डिझाइन क्षमता ५० वॉट-अवर आणि सध्याची ४४.६. म्हणजे तीनेक वर्षं वापरून बॅटरी ८९ टक्क्यांवर होती. चालू असताना ती पाच तास सहज पुरायची आणि मध्येच गचका खाऊन वीसवरून पाच टक्क्यांवर येणं वगैरे प्रकार नव्हता. आतला एखादा सेल खराब असता तर तो चालू असतानाही दिसलाच असता. नव्या बॅटरीचा खर्च वाचला.

आता गळतीचा वेग. ८१ टक्के म्हणजे ३६.१ वॉट-अवर, ३९ टक्के म्हणजे १७.४. गेले १८.७. मधले तास ४४. भागाकार करा : साधारण ०.४२ वॉट. बॅटरी तीन सेलची, ११.४ व्होल्टची, म्हणजे सुमारे ३७ मिलिअँपिअर अखंड वाहत होते.

हा आकडा हातात आला की अर्धी कारणं आपोआप गळून पडतात. लिथियम-आयन बॅटरी नुसती पडून राहिली तर तिचा चार्ज आपोआप उतरण्याचा वेग, आतल्या संरक्षक सर्किटचा खर्च धरूनही, महिन्याला काही टक्केच असतो. आपला आकडा त्याच्या कितीतरी पट. उलट शटडाउन अर्ध्यात अडकून प्रोसेसर आणि पंखा चालूच राहिला असता तर कमीत कमी चार-पाच वॉट गेले असते आणि रविवार उजाडायच्या आत बॅटरी शून्यावर आली असती. आपण या दोघांच्या मध्ये कुठेतरी होतो.

अडचण अशी की रॅम जिवंत ठेवून झोपलेला लॅपटॉपही साधारण याच पट्ट्यात, पाव ते एक वॉट खातो. म्हणून ०.४२ वॉट हा आकडा दोन गोष्टी सांगू शकत होता : बाई ज्याला बंद म्हणतात ती प्रत्यक्षात झोप आहे, किंवा लॅपटॉप खरंच बंद आहे पण त्यातलं काहीतरी जागं आहे.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो. या तक्रारीवर जे सल्ले हमखास मिळतात, म्हणजे पॉवरटॉप चालवा, गव्हर्नर पॉवरसेव्हवर ठेवा, स्क्रीनचा उजेड कमी करा, ते सगळे यंत्र चालू असतानाच्या खपाचे आहेत. यंत्र बंद झाल्यावर कर्नलच, म्हणजे लिनक्सचा गाभाच, चालत नाही. तेव्हा चालू असताना काय मोजलं जातं याचा इथे उपयोग नाही.

खरंच बंद होतो का?

गणपतीत गावी गेलो तेव्हा लॅपटॉप हातात आला. आधी एक छोटी सोय करून ठेवली : सिस्टमडीची (लिनक्समधल्या सेवा चालू-बंद करणारा प्रोग्राम) एक साधी सर्व्हिस, 'वनशॉट' प्रकारची, 'रिमेन-आफ्टर-एक्झिट' चालू ठेवलेली. सुरू होताना ती तारीख-वेळ आणि एनर्जी-नाउ एका फाइलीत लिहिते, बंद होताना पुन्हा लिहिते. दर शटडाउनला एक ओळ, दर बूटला एक ओळ. वजाबाकी केली की वॉट. कागदावर नोंदी ठेवायला बाईंना सांगण्यापेक्षा हे बरं. शिवाय कोणत्या दिवशी झाकण नुसतंच मिटलं होतं हेही त्यात लपत नाही.

मग जुना लॉग. 'जर्नलसीटीएल'ला बूटांची यादी मागितली की प्रत्येक बूट कधी सुरू झालं आणि त्याची शेवटची ओळ कधीची, हे दिसतं. लॅपटॉप झोपला असेल तर जर्नलमध्ये 'पीएम : सस्पेंड एन्ट्री' अशी ओळ असते आणि पुढे कंसात झोपेचा प्रकार, 'डीप' किंवा 'एस-टू-आयडल' लिहिलेलं असतं. ही शंका फुकटची नव्हती, कारण मूळ ग्नोममध्ये, म्हणजे डेबियनच्या नेहमीच्या डेस्कटॉपमध्ये, पॉवर बटण दाबलं की लॅपटॉप झोपतो, बंद होत नाही. विंडोजवरून आलेल्या अनेकांना हे ठाऊक नसतं. पण बाई मेनूतूनच शटडाउन करत होत्या. शनिवारच्या बूटचा शेवट 'पॉवर ऑफ' टार्गेट गाठून झालेला, सोमवारी नवं बूट, मध्ये सस्पेंडची ओळ नाही. 'लास्ट' कमांडला 'एक्स'चा पर्याय दिला तर तिथेही शटडाउनची नोंद दिसत होती.

एवढ्यावर समाधान मानता येत नाही. जर्नल लिहिणारी सेवा स्वतःच शटडाउनच्या मधल्या टप्प्यावर थांबते. त्यानंतरची काही सेकंदं, म्हणजे डिस्क सोडणं, ड्रायव्हरांना (एकेक यंत्रभाग चालवणाऱ्या प्रोग्रामांना) शेवटचा निरोप, आणि वीज तोडण्याचा हुकूम, हे लॉगमध्ये येत नाही. ते बघायचं तर ग्रबमध्ये (यंत्र सुरू होताना लिनक्स चढवणारा छोटा प्रोग्राम) कर्नलच्या ओळीतून 'क्वाएट' आणि 'स्प्लॅश' काढून डोळ्यांनी पाहावं लागतं. पाहिलं. शेवटची ओळ 'रीबूट : पॉवर डाउन', आणि पुढच्या क्षणी स्क्रीन, पंखा, दिवा सगळं गेलं.

उरली एक शक्यता : लॅपटॉप नीट बंद होतो, पण मध्येच आपणहून सुरू होतो. हे काही भुताटकीचं नाही. २०१३ मध्ये लिनक्स कर्नलमध्ये एक दुरुस्ती आली ती नेमकी यासाठीच. इंटेलच्या हॅसवेल पिढीतली काही यंत्रं शटडाउननंतर अधूनमधून आपोआप जागी होत होती, आणि त्यावर उपाय म्हणून बंद होताना यूएसबी कंट्रोलरला मुद्दाम कमी विजेच्या अवस्थेत ढकललं गेलं. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या मूळ प्रोग्राममध्ये, ठराविक वेळी चालू होण्याची सेटिंग राहिलेली असणं हे त्याहून साधं कारण.

आपोआपचं बूट जर्नलमध्ये दिसेल असं वाटतं, पण या लॅपटॉपची डिस्क लक्सनं (लिनक्समधली डिस्क कुलूपबंद करायची सोय) एन्क्रिप्ट केलेली होती. असा लॅपटॉप रात्री जागा झाला तर पासफ्रेजच्या पडद्यावर थांबून राहतो. डिस्क उघडलेलीच नसते, मग जर्नल लिहिणार कुठे? अशा वेळी एसएसडीला विचारावं. 'स्मार्टसीटीएल'मध्ये एनव्हीएमई डिस्कची 'पॉवर सायकल्स' ही संख्या दिसते, डिस्कला वीज मिळाली की ती वाढते. बंद करण्यापूर्वी आकडा टिपायचा, सुरू केल्यावर पुन्हा बघायचा. फरक बरोबर एक आला तर मध्ये कोणी उठलं नाही. इथे फरक एकच आला. फक्त एवढं ध्यानात ठेवावं की खोल झोपेतही डिस्कची वीज जाते, म्हणून या आकड्यावरून झोप आणि शटडाउन वेगळे करता येत नाहीत. ते काम जर्नलचं.

तेव्हा लॅपटॉप बंद होता आणि बंदच राहत होता. ०.४२ वॉट बंद अवस्थेतच जात होते.

बंद करण्याचा हुकूम कुणी दिला?

आपण शटडाउन करतो तेव्हा लॅपटॉप ज्या अवस्थेत जातो तिला एसीपीआय या वीज-व्यवस्थेच्या प्रमाणाच्या भाषेत एस-५ म्हणतात, 'सॉफ्ट ऑफ'. वीज पूर्ण तुटते ती जी-३ या अवस्थेत, आणि बॅटरी आतच बसवलेल्या आजच्या लॅपटॉपात ती सहसा येतच नाही. एस-५ मध्ये एम्बेडेड कंट्रोलर नावाची छोटी चिप रात्रपाळीच्या वॉचमनसारखी जागी असते : पॉवर बटण दाबलं का, चार्जर लागला का, एवढं बघत. तिच्यासाठी आणि घड्याळासाठी वीज चालू असते. त्याच विजेवर आणखी कोण बसलंय, हा आपला प्रश्न.

आणि ते ठरवण्यात दोघांचा हात असतो. शटडाउनच्या शेवटी कर्नल प्रत्येक ड्रायव्हरला 'आवरून घे' असं सांगतो. ड्रायव्हर आपापलं यंत्र बंद तरी करतो किंवा 'हे पुढे मला उठवू शकेल' अशा अवस्थेत सोडून देतो. मग कर्नल फर्मवेअरला, म्हणजे बायोसला, एस-५ची तयारी करायला सांगतो आणि अखेरीस एका रजिस्टरमध्ये झोपेचा प्रकार आणि 'आता' अशी खूण लिहितो. तिथून पुढे कोणते पुरवठे तोडायचे हे फर्मवेअर आणि बोर्ड ठरवतं, पण ड्रायव्हरनं जे जागं ठेवायला सांगितलंय त्याचा मान राखून.

म्हणजे गळती लिनक्सनं मागे सोडलेल्या गोष्टीमुळे असेल, किंवा फर्मवेअरच्या स्वतःच्या सेटिंगमुळे. हे दोन वेगळे करायला एक चाचणी पुरते, आणि ती फारशी कोणी करत नाही : लिनक्स सुरूच होऊ न देता लॅपटॉप बंद करायचा. ग्रबच्या मेनूवर 'सी' दाबलं की कमांडची जागा मिळते. तिथे 'हॉल्ट' लिहून एंटर. कर्नल नाही, ड्रायव्हर नाही, तरी यंत्र एस-५ मध्ये गेलं. अट एवढीच की ग्रबपर्यंत रीबूट करून यायचं नाही, थंड यंत्र सुरू करूनच यायचं. नाहीतर लिनक्सनं चिपमध्ये लिहून ठेवलेलं तसंच राहू शकतं आणि चाचणीला अर्थ उरत नाही.

एक दिवस लिनक्समधून शटडाउन, एक दिवस ग्रबमधून हॉल्ट. बॅटरी दोन्ही वेळा साधारण त्याच पातळीला, केबल काढलेली, बाकी सगळं जसंच्या तसं.

लिनक्समधून बंद : ०.४२ वॉट. ग्रबमधून बंद : ०.१५ वॉट.

या दोन आकड्यांनी प्रकरण उलगडलं, कारण त्यांचा अर्थ असा की गुन्हेगार दोन आहेत. ०.२७ वॉट लिनक्सच्या वाटेनं जातात, ०.१५ कोणीही बंद केलं तरी जातात. नुसती लिनक्सची सेटिंग चाळत बसलो असतो तर गळती कमी झाली असती आणि 'थोडं तर जाणारच' म्हणून उरलेली तशीच सोडून दिली असती.

०.२७ वॉट : न लावलेल्या केबलची वाट बघणारी चिप

लिनक्सनं जागं ठेवलेलं यंत्र म्हटलं की पहिला संशय इथरनेटवर. 'ईथटूल' या कमांडला नेटवर्क इंटरफेसचं नाव दिलं की शेवटी-शेवटी 'वेक-ऑन' अशी ओळ येते. तिच्यापुढे 'डी' असेल तर बंद, 'जी' असेल तर मॅजिक पॅकेटवर जागं होण्याची तयारी. इथे 'जी' होतं.

मॅजिक पॅकेट म्हणजे बंद यंत्राला नेटवर्कवरून उठवणारा संदेश : सगळे बिट एक असलेले सहा बाइट आणि पाठोपाठ त्या कार्डाचा मॅक पत्ता सोळा वेळा, एकूण १०२ बाइट. ते ओळखण्यापुरती इथरनेट चिप जागी राहते. केबल नसली तरी! केबल लागली का हे कळण्यासाठीसुद्धा तिच्या तारेकडच्या भागाला वीज लागतेच. बाईंचा पहिला प्रश्न हाच होता. "अरे, पण कपाटात कसली आलीय केबल?" चिपला कपाट दिसत नाही.

मग ही तयारी कुणी केली? बायोसमध्ये वेक-ऑन-लॅनची (नेटवर्कवरून जागं होण्याची) सेटिंग कारखान्यातूनच चालू आलेली होती, 'फक्त चार्जरवर' या अटीसह. फर्मवेअर ती अट पाळत होतं, म्हणून ग्रबमधून बंद केल्यावर इथरनेट खरोखर बंद व्हायचं. पण लिनक्सच्या ड्रायव्हरला ती अट दिसत नाही. त्याला चिपमध्ये लावून ठेवलेली मॅजिक पॅकेटची खूण दिसते आणि तिचा मान राखून शटडाउनच्या वेळी तो चिपला जागं ठेवतो, बॅटरीवर असो वा चार्जरवर.

या लॅपटॉपचा ड्रायव्हर 'आर-८१६९' होता. २०१८ मध्ये त्यात वेक-ऑन-लॅन मुळातच बंद ठेवण्याचा बदल केला गेला होता. पण त्यामुळे काही यंत्रं झोपेतून नीट उठेनात, तेव्हा बायोसनं जे ठरवलंय ते मानायची जुनी रीत त्याच वर्षी परत आणली गेली. मला हा निर्णय पटतो. बॅटरी थोडी गळणं परवडतं, झोपलेला लॅपटॉप परत न उठणं नाही.

आणि विंडोजवर हे का होत नव्हतं? मायक्रोसॉफ्टनं विंडोज ८ पासून उघड भूमिका घेतलेली आहे : नेहमीच्या शटडाउनमध्ये आणि पूर्ण बंद अवस्थेतही नेटवर्क कार्ड वेक-ऑन-लॅनसाठी तयार ठेवलं जात नाही, कारण बंद लॅपटॉपनं बॅटरी खाऊ नये अशी लोकांची अपेक्षा असते. थोडक्यात, बायोसची तीच चुकीची सेटिंग पहिल्या दिवसापासून होती, विंडोज तिच्याकडे दुर्लक्ष करत होतं आणि लिनक्सनं ती प्रामाणिकपणे पाळली. "लिनक्स टाकल्यापासून" हे बाईंचं निरीक्षण अचूक होतं.

दुरुस्ती सोपी, टिकवणं थोडं खटपटीचं. ईथटूलनं 'वेक-ऑन डी' केलं की लगेच लागू होतं, पण पुढच्या बूटला पुसलं जातं. टिकवायचे मार्ग तीन. नेटवर्क-मॅनेजरमध्ये त्या कनेक्शनचा वेक-ऑन-लॅन गुणधर्म शून्य करणं, टीएलपी हे बॅटरी वाचवायचं पॅकेज टाकणं (ते वेक-ऑन-लॅन मुळातच बंद ठेवतं), किंवा सिस्टमडीची 'लिंक' फाइल लिहून तिच्यात 'वेक-ऑन-लॅन बरोबर ऑफ' म्हणणं.

टीएलपी मी टाळलं. एका ओळीच्या कामासाठी आख्खं पॅकेज आणायचं, आणि ग्नोमच्या पॉवर-प्रोफाइल्स सेवेशी त्याचं जमत नाही ते वेगळंच. नेटवर्क-मॅनेजरची सेटिंग कनेक्शनला चिकटलेली असते, शाळेत कोणी नवं कनेक्शन बनवलं की गेली. राहिली लिंक फाइल. तिच्यात एक खोच आहे. एका कार्डाला एकच लिंक फाइल लागू होते, नावाच्या क्रमानं जी आधी जुळेल ती. आपली फाइल जुळली की सिस्टमडीबरोबर आलेली मूळ फाइल, जिच्यात कार्डाचं नाव ठरवायचे नियम असतात, ती वाचलीच जात नाही. म्हणून ते नियम आपल्या फाइलीत उतरवून घ्यावे लागतात, नाहीतर पुढच्या बूटला इंटरफेसचं नावच बदलतं आणि जुन्या नावाशी बांधलेलं सगळं तुटतं.

बायोसमध्येही वेक-ऑन-लॅन बंद केलं. दोन्हीकडे कशाला, असं कोणी विचारेल. बायोस अपडेट झाल्यावर सेटिंग पुन्हा कारखान्यातल्या जागी गेलेली मी पुष्कळदा पाहिली आहे.

पुन्हा मोजलं : लिनक्समधून बंद केल्यावर ०.१५ वॉट. ग्रबच्या आकड्याशी तंतोतंत.

०.१५ वॉट : पिवळं पोर्ट

उरलेला भाग लिनक्सचा नाही हे ग्रबनं आधीच सांगितलेलं असल्यामुळे थेट बायोस उघडलं. तिथे 'ऑलवेज ऑन यूएसबी' चालू होतं आणि त्याखालचा 'बॅटरीवरही चार्ज करा' हा उपपर्यायसुद्धा. लॅपटॉप बंद असताना फोन चार्ज करता यावा म्हणून एका पोर्टला पाच व्होल्ट कायम मिळत राहतात. अशा पोर्टला बहुतेक वेळा वेगळा रंग किंवा विजेची खूण असते. इथे ते पिवळं होतं आणि त्यातच बाईंच्या वायरलेस माउसचा नखाएवढा रिसीव्हर बसवलेला होता. तो काढायचाच नाही असा शाळेचा नियम, कारण आधीचे दोन हरवले होते.

हिशोब जुळतो. असा रिसीव्हर दहा-वीस मिलिअँपिअर खातो, पाच व्होल्टला एक दशांश वॉटपर्यंत. बॅटरीच्या अकरा-बारा व्होल्टपासून पाच व्होल्ट बनवणारं सर्किट स्वतःचं थोडं घेतं ते वेगळं. शाळेच्या नियमाला धक्का न लावता पर्याय बंद केला, रिसीव्हर आहे तिथेच राहिला.

आणखी एक जागा बघून घेतली. काही लॅपटॉपांच्या बायोसमध्ये 'डीप स्लीप कंट्रोल' आणि डेस्कटॉपच्या बोर्डांवर 'ईआरपी' असा पर्याय असतो. युरोपीय संघाच्या २००८च्या नियमानं बंद उपकरणाला आधी १ वॉट आणि २०१३ पासून अर्ध्या वॉटची मर्यादा घातली, तिच्यापायी हा पर्याय आला. तो चालू केला की एस-५ मधले बरेचसे पुरवठे एकदम तोडले जातात. या लॅपटॉपात तो नव्हता. तुमच्यात असेल तर आधी तोच करून पाहा, वरची अर्धी यातायात वाचू शकते.

दिवाळीच्या सुट्टीतली मोजणी

आता उरलेली गळती इतकी कमी होती की एका रात्रीत मोजून काही हाती लागलं नसतं. लॅपटॉप सुरू होतानाच दहा-बारा वॉट दराने अर्धा-पाऊण मिनिट खातो, म्हणजे एक दशांश वॉट-अवर तिथेच गेला. शिवाय बॅटरीतली मोजणारी चिप काही मिलिअँपिअरच्या खालचा प्रवाह शून्यच धरते. मग बरेच दिवसांनी, बॅटरी निवांत असताना व्होल्टेज बघून ती आपला हिशोब सुधारते. त्यामुळे एका रात्रीनंतर 'गळती शून्य' दिसलं तर भाबडेपणानं विश्वास ठेवू नये, आणि कधी एकदम दोन-तीन टक्के घसरले तर घाबरू नये.

म्हणून लांब सुट्टी हवी होती. दिवाळीच्या सुट्टीला शाळा बंद होताना ३५.२ वॉट-अवर, ३६० तासांनी उघडली तेव्हा ३०.१. गेले ५.१, म्हणजे ०.०१४ वॉट, जेमतेम सव्वा मिलिअँपिअर. एम्बेडेड कंट्रोलर, घड्याळ, बॅटरीचं स्वतःचं सर्किट आणि सेलचा आपोआप उतरणारा चार्ज मिळून एवढं व्हायचंच. वरच्या कारणामुळे शेवटच्या अंकावर मी पैज लावणार नाही, पण ०.४२शी तुलना करायला तो पुरेसा आहे. पूर्वीच्या वेगानं एवढ्या तासांत दीडशे वॉट-अवर लागले असते, तीनहून जास्त भरलेल्या बॅटऱ्या.

एनव्हीएमईचा पॉवर सायकलचा आकडा या वेळीही एकानंच वाढला होता.

मे महिन्याच्या सुट्टीचं काय, असं बाईंनी विचारलं. दीड महिन्यात या वेगानं पंधरा वॉट-अवर जातील. ऐंशी टक्क्यांवर बंद केला तर परत येताना चाळीस-पंचेचाळीस मिळतील, चालण्यासारखं आहे. पण या बायोसमध्ये 'आतली बॅटरी तोडा' असा एक पर्याय आहे, दुरुस्तीच्या वेळी झाकण उघडण्यापूर्वी वापरायचा. तो निवडला की बॅटरी बोर्डापासून इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं वेगळी होते, एम्बेडेड कंट्रोलरसुद्धा झोपतो, आणि पुन्हा चार्जर लावेपर्यंत लॅपटॉप सुरूच होत नाही. साठ टक्क्यांच्या आसपास असताना हे करून ठेवा, असं सांगितलं. त्यांनी ते कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या कागदावर लिहिलं आणि त्याखाली अधोरेखित करून : "जूनमध्ये चार्जर सोबत आणणे."